माझ्यावर पर्स ठेवली तो दिवस

मी एक जुने लोखंडी स्टूल आहे. मित्रांनो, स्टूल कधी हादरते का, असे तुम्ही विचाराल. त्या सकाळी मी जागचा हललो नाही, पण असा हादरलो की अजून सावरलेलो नाही.

माझा जन्म एका वेल्डरच्या शेडमधला. चार पाय, वर गोल पत्रा आणि हिरवा रंग. चौथा पाय त्याने घाईत जोडला, तो तोकडाच राहिला. त्यामुळे मी जन्मापासून डुगडुगतो. माझी नेमणूक रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत झाली, म्हणजे अपघाताचे आणि अचानक आजारी पडलेले रुग्ण आधी जिथे आणतात तिथे. काही वर्षांनी चाकांच्या गुबगुबीत खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी कोपऱ्यात झाली. कोणी माझ्यावर चढून बल्ब बदलावा, कोणी सलाइनची खोकी रचावीत. नव्याचे नऊ दिवस संपले, खुर्च्यांची चाके निखळली, तरी मला कोणी विचारेना.

मला वर काढले ते मोठ्या सिस्टरांनी. त्यांनी माझ्या तोकड्या पायाखाली जुन्या एक्स-रेची घडी सरकवली आणि मला पहिल्या खाटेशेजारी ठेवले. रुग्ण आला की दोन मिनिटांत त्याची माहिती काढायची असते. काय झाले, कधी झाले, कशाची ॲलर्जी, कोणती औषधे, आधीचे आजार, शेवटचे कधी खाल्ले. बाकीच्या नर्स हे उभ्यानेच विचारत. मोठ्या सिस्टर नातेवाइकांना पडद्याबाहेर काढत आणि माझ्यावर बसून विचारत. नव्या मुलींना त्या सांगत, की आपण उभे राहिलो तर लोक उरकून टाकतात, बसलो तर सांगतात. आणि औषध घेता का असे विचारूच नका, सकाळी उठल्यापासून तोंडात काय काय जाते ते विचारा. या बाईंपुढे दगडही बोलेल, असे डॉक्टर म्हणायचे. त्यातले अर्धे श्रेय माझे, असे मला उगाचच वाटायचे.

मग ती सकाळ आली. व्हीलचेअरवरून एका आजींना आणले. बाथरूममध्ये पाय घसरून त्यांचे डोके बेसिनवर आपटले होते. लिंबाएवढे टेंगूळ आले होते, डोके दुखत होते, पण बोलणे स्वच्छ होते. मागोमाग घरच्याच कपड्यांत मोठ्या सिस्टर धावत आल्या. त्या आजी त्यांच्या आई होत्या.

आता सिस्टर बसतील म्हणून मी सज्ज झालो. त्यांनी माझ्यावर पर्स ठेवली. माझा विश्वासच बसेना. उभ्याउभ्याच त्या भराभर सांगू लागल्या, की ॲलर्जी नाही, आजार नाही, औषध काहीच नाही. आजींनी तोंड उघडले, तर सिस्टर म्हणाल्या, “आई, तू पडून राहा. मी सांगतेय ना.”

फॉर्म धाकट्या सिस्टरच्या हातात होता. नोकरीला जेमतेम पाच महिने झालेली ती मुलगी. तिने पर्स उचलली आणि मोठ्या सिस्टरांना दिली.

“सिस्टर, तुम्ही पडद्याबाहेर थांबा. तुम्हीच शिकवलंय.”

मोठ्या सिस्टर पर्स घेऊन बाहेर गेल्या. धाकटी माझ्यावर बसली आणि तिने तोच प्रश्न विचारला, सकाळी उठल्यापासून तोंडात काय काय जातं? आजींनी पडद्याकडे पाहिले आणि आवाज खाली आणला.

“चहा. मग ह्यांची गोळी, रक्त पातळ करायची. हे गेले आणि डबाभर गोळ्या उरल्या. फेकवेनात गं. फार आठवण आली की त्या दिवशी दोन घेते. लेकीला सांगू नकोस, ती ओरडेल.”

मी सुन्न झालो. रक्त पातळ असताना डोक्याला मार लागला, तर आतला रक्तस्राव लवकर थांबत नाही, हे इतक्या वर्षांत मलाही कळते. पडद्याखालून मला मोठ्या सिस्टरांच्या चपला दिसत होत्या. त्या गोळ्या दर महिन्याला वडिलांसाठी त्यांनीच आणल्या होत्या. चपला हलल्या नाहीत. त्यांच्या शेजारी पर्स मात्र धपकन पडली.

धाकटी पळतच डॉक्टरांकडे गेली. टेंगूळ पाहून नुसते नजरेखाली ठेवू म्हणणाऱ्या डॉक्टरांनी आजींना लगेच स्कॅनला पाठवले. कवटीच्या आत रक्त साकळू लागले होते. त्या गोळीवरचा उतारा तातडीने दिला आणि आजी वाचल्या. आणखी दोन तास गेले असते तर विचारायला कोणी उरले नसते, असे डॉक्टर म्हणाले.

चौथ्या दिवशी मोठ्या सिस्टर आल्या आणि मला उचलून थेट आजींच्या वॉर्डात घेऊन गेल्या. एक्स-रेची घडी खालीच राहिली. मी डुगडुगत होतो, तरी त्या बसल्या. हातात कोरा फॉर्म होता.

“आई, नाव सांग.”

“अगं, माझं नाव तुला माहीत नाही का?”

“मला काही माहीत नाही असं धर. पहिल्यापासून सांग.”

आजी उशीला टेकून बसल्या. मग त्यांनी नाव सांगितले. ते दोन मिनिटांचे काम त्या दिवशी दुपारभर चालले.

मित्रांनो, माझा रंग उडाला आहे, पण मला रंगवा असे माझे म्हणणे नाही. तुमच्या घरीही माझा एखादा भाऊबंद असेल आणि त्याच्यावर बहुधा धुतलेल्या कपड्यांचा ढीग असेल. तो ढीग उचला. स्टूल आपल्या माणसाजवळ ओढा आणि बसा.