देवीनं दिलेला पार्षद

“पडली! उजवी पडली!”

दौलतगंजच्या देवीच्या मांडवात एकच गलका उठला. कुणी टाळ्या पिटल्या, कुणी डोळे पुसले, कुणी लोटांगण घालायला गेलं आणि जागाच नाही म्हणून अर्ध्यावर वाकून राहिलं. संक्रांतीची सकाळ, थंडी अशी की बोलणाऱ्याच्या तोंडातून वाफ निघावी. पण शाली-कानटोप्यांतल्या त्या दोन-तीनशे मराठी माणसांना थंडीची शुद्ध नव्हती. देवीच्या पितळी मुखवट्याच्या उजव्या गालावरून शेवंतीची कळी घसरून खालच्या परातीत पडली होती आणि डावी कळी जागच्या जागी घट्ट होती. देवीनं कौल दिला होता. पार्षदाच्या, म्हणजे नगरसेवकाच्या, पोटनिवडणुकीला समरजीतच उभा राहणार.

कौलाची रीत साधी. देवीपुढे प्रश्न मांडायचा, दोन्ही गालांवर पाण्यानं एकेक कळी चिकटवायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. दख्खनेतून ग्वाल्हेरला येताना पूर्वजांनी देवांच्या टाकांबरोबर ही रीतही आणली. आता मौज अशी की मराठीत मतदारांच्या निकालालाही कौलच म्हणतात. समरजीतनं ते बरोबर हेरलं होतं. एक कौल हाती आला की दुसरा मागोमाग येणार, हा त्याचा हिशेब.

कळ्या चिकटवण्याचा मान भालचंद्र मास्तरांच्या घराण्याचा. मास्तरांनी चौतीस वर्षं गोरखीजवळच्या शाळेत विज्ञान शिकवलं. वर्षभर वर्गात ‘तपासल्याशिवाय मानू नका’ म्हणायचं आणि एक दिवस सोवळं नेसून कौल लावायचा, असा त्यांचा शिरस्ता. कुणी टोकलं तर म्हणायचे, “श्रद्धा नाही रे, रीत आहे.” खरं सांगायचं तर रीतही नव्हती. मान होता, आणि तो मास्तरांना आवडायचा.

या खेपेला समरजीतनं पाणी लावूच दिलं नाही. त्यानं चांदीच्या दोन वाट्या पुढे केल्या होत्या.

“गुरुवर्य, उजवीला हे शुभ्र अमृत, थेट माझ्या कुलदेवीच्या गाभाऱ्यातलं. डावीला मधुरस. शीत आणि मधु! ऊर्जा आणि कंपन! परदेशातले शास्त्रज्ञसुद्धा आता हेच म्हणतायत.”

कोणते शास्त्रज्ञ, कोणत्या देशातले, हे कुणी विचारलं नाही. मास्तरांनीही नाही. ‘गुरुवर्य’ म्हणत त्यानं खांद्यावर शाल टाकली होती आणि मोबाईलचे दहा कॅमेरे मास्तरांच्या बोटांवर रोखलेले होते. बोटाला चिकट थंड लागलं, नाकाला एक ओळखीचा वास आला. मास्तरांनी कळ्या लावल्या. देवीच्या उजव्या हाताला, मुखवट्याला अगदी खेटून, पाच वातींची भलीमोठी समई पेटवून ठेवली होती. मग समरजीतनं भाषण सुरू केलं. आईनं सांगितलं तर उभा राहीन, नाही सांगितलं तर देवळाची झाडलोट करीन, वगैरे. चांगलं पंधरा मिनिटं बोलला. समईशेजारी उभ्या असलेल्या त्याच्या माणसानं एकदम घंटा बडवली, समरजीत ओरडला, “सांग आई, उभा राहू?” आणि कळी घसरली.

समरजीत कोण, कुठला, याची चौकशी समाजानं केली नव्हती असं मात्र नाही. दोनच वर्षांपूर्वी तो दुसऱ्या जिल्ह्यातून ग्वाल्हेरला परतला होता. समाजाचे अध्यक्ष जगदेवराव यांनी त्याला समोर बसवून विचारलं होतं, “कुणाचे तुम्ही? कुलदेवी कोणती? आजोळ कुठलं? पणजोबा कोणत्या सरदारांकडे?” सगळी उत्तरं चोख आली. पणजोबा घोडदळात, आजोळ नाव घेण्यासारखं. झाली चौकशी! मुलगी द्यायची असती तर याहून जास्त विचारलं असतं. निदान मुलगा करतो काय, एवढं तरी.

मुलगा व्यसनमुक्ती केंद्र चालवत होता.

तिसऱ्या दिवशी मास्तरांकडे पोळ्या करणाऱ्या अनसूयाबाई लाटणं हातात घेऊन स्वैपाकघराच्या दारात आल्या. त्या हजीऱ्याच्या वस्तीत राहत. नवरा संभाजीराव टेम्पो चालवायचा, आणि प्यायचा.

“मास्तर, एक विचारू? ह्यांना त्या समरजीतरावांच्या केंद्रात भरती करू का? चुनावापर्यंत फुकट घेतायत म्हणे. माझं मन काही होत नाहीये. आत टाकलं की भेटू नाही देत, असं ऐकलं. तुम्ही बोला. तुमच्यावर भरोसा आहे.”

मास्तर वर्तमानपत्र वाचत होते. त्यात त्यांचाच फोटो होता, कळी लावतानाचा.

“अगं, आपला माणूस आहे तो. कौल मी माझ्या हातानं लावलाय,” ते म्हणाले. पेपर त्यांनी खाली घेतला नाही.

आठवड्यानं त्यांची मुलगी अपर्णा दवाखान्यातून घरी आली ती पर्स खांद्यावर तशीच ठेवून त्यांच्यापुढे उभी राहिली. ती डॉक्टर. बाप-लेक दोघंच घरात.

“बाबा, संभाजीराव आमच्या वॉर्डात आहेत. उजव्या हाताची दोन बोटं मोडलीयेत. पाठीवर पट्ट्याचे वळ. तीन दिवस खाटेला बांधून ठेवलं होतं. केंद्राशेजारच्या माणसानं खिडकीतून बघितलं, तब जाके पुलिस आली.”

मास्तर खुर्चीतून उठले.

“तुम्ही त्या माणसाचं शपथपत्र वाचलं होतं?”

“कसलं शपथपत्र?”

“हर उमेदवाराला फॉर्मसोबत द्यावं लागतं, बाबा. आपल्यावर कोणते केस आहेत, ते स्वतः लिहून. मोबाईलवर मिळतं. दो मिनिट लगते हैं.”

तिनं फोन पुढे धरला. मास्तरांनी चष्मा पुसून वाचलं. समरजीतच्या सहीचाच कागद. आधीच्या जिल्ह्यातल्या अशाच केंद्रात माणसांना कोंडून मारहाण केल्याचा खटला, चालू. एका रुग्णाच्या मृत्यूचा खटला, चालू. गुपित काहीच नव्हतं. अर्ज भरल्या दिवसापासून ते साऱ्या जगाला दिसत होतं. फक्त पाहायला कुणी गेलं नव्हतं.

मास्तर तसेच दवाखान्यात गेले. वॉर्डाबाहेरच्या बाकावर अनसूयाबाई बसल्या होत्या. त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “मास्तर, मी तुम्हाला विचारलं होतं.”

मास्तर घरी येऊन स्वैपाकघरात गेले. पितळेचा तांब्या पालथा घातला, एका बाजूला थिजलेल्या खोबरेल तेलानं शेवंतीची कळी लावली, दुसऱ्या बाजूला मधानं, आणि तेलाच्या बाजूला निरांजन ठेवलं. पितळ तापलं, तेलाचं पाणी झालं, कळी घसरली. मधाची हलली नाही. मास्तरांना आश्चर्य वाटलं नाही, शरम वाटली. कारण हे त्यांना आज कळलं नव्हतं. संक्रांतीला बोटाला लागलं होतं ते खोबरेल, हे नाकानं त्याच क्षणी सांगितलं होतं. खोबरेल थंडीत थिजतं आणि जराशा उबेनं वितळतं हे त्यांनी सातवीच्या पोरांना चौतीस वेळा शिकवलं होतं. माहीत असून त्यांनी डोळ्यांवर कातडं ओढलं, एका शालीसाठी. अडाणी माणूस फसला तर त्याची कीव यावी. मास्तर तर फसलेच नव्हते. त्यांनी फसवायला हात लावला होता.

रथसप्तमीला देवळात हळदीकुंकवाला सगळा समाज जमला. पाचच दिवसांवर मतदान आलं होतं. पोलिसांची चौकशी अजून केंद्रातल्या नोकरांपाशीच अडली होती, आणि समरजीत हात जोडून दारात उभा होता. मास्तर आले ते सोवळं न नेसता, पँट-स्वेटरवर, हातात पिशवी.

“जगदेवराव, मला आज पुन्हा कौल लावायचाय,” ते मोठ्यानं म्हणाले.

“आता कसला कौल, मास्तर?”

“आमच्या गल्लीतल्या बोक्यासाठी. पार्षद म्हणून त्याला उभं करावं म्हणतो.”

बायका हसल्या. समरजीतही हसला, पण ओठांनीच. “गुरुवर्य, तब्येत ठीक आहे ना?”

“आज ठीक आहे. त्या दिवशी नव्हती.”

मास्तरांनी देवीला हात लावला नाही. पिशवीतून पितळी तांब्या काढून पाटावर पालथा ठेवला, उजवीकडे खोबरेलानं, डावीकडे मधानं कळी लावली आणि उजवीकडे समई ओढली.

“हिला पंधरा मिनिटं लागतात. समरजीतराव तेवढा वेळ भाषण करत होते. आज मी करतो.” मास्तर लोकांकडे वळले. “संभाजीराव टेम्पोवाले दवाखान्यात आहेत. त्यांची बोटं मोडली, पाठ फुटली. त्यांच्या बायकोला केंद्राचा भरोसा वाटत नव्हता. तिनं मला विचारलं. मी चौकशी न करता म्हणालो, आपला माणूस आहे. मारणारे हात दुसऱ्याचे असतील, पण तिथं पाठवणारी जीभ माझी होती. आणि त्या दिवशी कळीला मी लावलं ते अमृत नव्हतं, खोबरेल होतं. मला तेव्हाच कळलं होतं. मी गप्प बसलो.”

“मास्तर, देवीसमोर हे काय?” जगदेवराव पुटपुटले.

“देवीसमोर खोटं बोललो होतो, म्हणून देवीसमोरच सांगतोय.”

“ही आईची थट्टा आहे!” समरजीत कडाडला. “मराठी माणसाचे पाय मराठी माणूसच ओढतो, तो असा! कंपनं बिघडतील इथली!”

तेवढ्यात कळी घसरली. “उजवी!” कुणीतरी सवयीनं ओरडलं आणि जीभ चावली. बोका निवडून आला होता. मांडवात खसखस पिकली. मास्तरांनी तांब्या गार पाण्यानं धुतला, आता तेल डावीकडे लावलं, समई डावीकडे ठेवली आणि म्हणाले, “आता समरजीतरावांसाठी.” सगळे तांब्याकडे टक लावून बसले. समरजीत मात्र भाषण न करता पायांत जोडे अडकवत होता. तो फाटकाबाहेर पडल्यावर थोड्या वेळानं डावी कळी टपकन खाली आली. संक्रांतीला समईशेजारी उभा राहून, तेल वितळू लागताच घंटेनं इशारा देणारा त्याचा माणूस, तोही कधी सटकला ते समजलं नाही.

मग जगदेवरावांनी घसा साफ केला.

“फसवलंन् आपल्याला. बरं झालं, मास्तर, तुम्ही डोळे उघडलेत. आता तुम्हीच सांगा, वोट कुणाला टाकायचं? तुम्ही म्हणाल त्याला समाज देईल.”

“हो, मास्तर, तुम्ही सांगा!” चार-पाच आवाज उठले. सगळ्या माना मास्तरांकडे वळल्या. त्यांच्या डोळ्यांत संक्रांतीच्या दिवशी देवीच्या मुखवट्याकडे पाहताना जो भाव होता, तोच होता.

“नका रे,” ते म्हणाले. “हेच नका करू. एका बाईनं माझ्यावर असाच भरोसा टाकला होता. पणजोबा कोण होते ते उमेदवाराला विचारू नका, तो स्वतः कोण आहे ते विचारा. आधी कुठे होता, तिथून का निघाला, तिथले लोक काय म्हणतात. एक फोन पुरतो. खटला चालू आहे म्हणजे गुन्हा शाबीत झाला असं नाही, तेही ध्यानात ठेवा. पण कागद वाचा, चार ठिकाणी विचारा, मग ठरवा. कळी पडली म्हणून नाही, आपला म्हणून नाही, आणि मास्तर म्हणाला म्हणून तर मुळीच नाही.”

मागे खांबाजवळ अनसूयाबाई उभ्या होत्या. त्या केव्हा आल्या ते मास्तरांनी पाहिलं नव्हतं. लोकांनी वाट करून दिली आणि त्या पुढे आल्या. मास्तरांनी हात जोडले. अनसूयाबाईंनी त्या हातांकडे पाहिलं नाही.

“माफीचं नंतर बघू, मास्तर. ह्यांची बोटं जुळली तर,” त्या म्हणाल्या. “ते शपथपत्र कोर्टाच्या हिंदीत असतं, मला नाही समजत. तुम्ही कुणाला वोट द्यायचं ते सांगू नका. वाचून दाखवा. सगळ्यांचं, एकेकाचं. ठरवीन मी.”

आणि त्या पहिल्या ओळीत मांडी घालून बसल्या. त्यांच्या मागे आणखी बायका बसल्या. मास्तरांनी खिशातून मोबाईल काढला, चष्मा नीट केला आणि पहिल्या उमेदवाराच्या नावापासून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.