मिठाची बोटं

मित्रांनो, फळीवर पडलेला हा काळा डबा म्हणजे मी, एक जुना मीटर. वर काच, काचेखाली सुई, आणि दोन वायरी, एक लाल, एक काळी. वीज कुठे वाहते, कुठे तुटली, ते सांगायचं माझं काम.

घडलो विलायतेत, लढाईच्या काळात. लढाई संपली, आणि मुंबईत जुन्या मालाच्या दुकानात येऊन पडलो. बावन्न साली तिथे रेवदंड्याजवळच्या मिठागरातला चंदर आला. त्याला घरी रेडिओ बांधायची हौस. बरोबर आई, सगुणाबाई. चंदरने शेजारचा चकचकीत मीटर उचलला.

"थांब. नारळ तरी हालवून घेतो ना आपण?" म्हणत तिने आम्हा दोघांना आडवं केलं, उलटं केलं. चकचकीताची सुई दारुड्यासारखी घसरली. माझी जागची हलली नाही.

"ह्यो घे. त्याचं नुसतं तोंड धुतलेलं हाय."

दुकानदार म्हणाला, "म्हातारीला कळतं. हा मोजताना वीजही कमी खातो."

"म्हातारी असंल तुझी आय!"

सहा वर्षं चंदरने माझ्या जिवावर रेडिओ बांधले. देशोदेशीच्या हौशी लोकांचे, तारेच्या भाषेतले टकटक ठोके आमच्या ओटीवर ऐकू यायचे. कोळीवाड्यातले तांडेल होडी लोटण्याआधी मुंबई केंद्रावरचं हवामान ऐकायला यायचे. माझं कौतुक तर विचारू नका.

मग एका कार्तिकात भर दुपारी रेडिओ गप्प झाला. हिरामण तांडेल दारात उभा. होडी तयार.

"चंदर, वारा काय म्हणतोय रं?"

चंदर मिठागरातून तसाच धावत आलेला. हात धुतले नाहीत. रेडिओतला एकेक भाग सुटा करून तो माझ्या वायरींच्या उघड्या टोकांवर बोटांनी दाबून धरत गेला. शेंगदाण्याएवढा एक भाग मेलेला होता. पण माझ्या पोटातल्या सेलची वीज गेली ओल्या, खारट बोटांतून. माझी सुई हलली. मी मोजली ती चंदरची बोटं. त्याला वाटलं, भाग जिवंत आहे.

"सेट ठीक हाय, हिरामणदादा. मुंबईच गप्प हाय."

"मुंबई गप्प, म्हंजे वारा गप्प. सांगण्याजोगं असतं तर बोलली नसती?" हिरामण हसला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी समुद्र ओरडत होता. चंदरने हात धुतले, पुसले, पुन्हा मोजलं. त्या एका भागावर सुई हलली नाही. नवा भाग घरातच होता. तो बसवताच रेडिओ बोलला, कालपासूनचाच इशारा: होड्या समुद्रात नेऊ नका.

हिरामण परत आला नाही. होडीही नाही.

सगुणाबाई म्हणाली, "मीटर खोटा न्हवता. तुझं हात..." आणि थांबली. तिचं बोलणं अर्धं राहिलेलं मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

चंदरने मला इथे ठेवलं. नऊ वर्षं झाली. खारी हवा आत शिरली, तारा गंजल्या. आता वीज आली तरी मला काही जाणवत नाही.

मित्रांनो, मीटर पारखून घ्या, ते खरंच. पण मोजताना हात कोरडे ठेवा, आणि उघड्या टोकांना बोट लावू नका. तुम्ही मध्ये आलात, की आम्ही तुम्हालाच मोजतो. आणि तसं सांगायला आम्हाला तोंड नाही.