मावशींच्या वीस टाचण्या

अंतराळवीरांचे पोशाख शिवायच्या खोलीत मावशींचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. प्रत्येकीला लाल बोंडाच्या वीस टाचण्या. काम संपलं की वीसच्या वीस उशीला टोचून मावशींना दाखवायच्या. एक कमी भरली तर ती सापडेपर्यंत कुणी घरी जायचं नाही. गेल्या वर्षी एका बाईनं पेटीतली जादा टाचणी टोचून आकडा जुळवला, तर मावशींनी तिला दुपारच्या आत कामावरून काढलं. "हरवलीस ते चाललं असतं गं. लपवलंस ते नाही!"

मावशींची उशी मात्र कोण मोजणार? बत्तीस वर्षांत तेवढी कुणाची टाप नव्हती.

आज नऊला त्यांनीच सहज मोजली. एकोणीस.

काल त्यांनी एकच काम केलं होतं, डाव्या हातमोज्याचं. तो हातमोजा आज त्यांच्या धाकट्या लेकीच्या हातात जाणार होता. धाकटी अंतराळवीरांच्या चमूची म्होरकी. आतली हवा काढून घेतात त्या कोठीत ती साडेदहाला सरावाला शिरणार, पुढच्या महिन्यात वर अंतराळात जाणार.

आठ माना शिवणयंत्रांवर वाकलेल्या होत्या. 'पडली असेल फटीत,' असं म्हणत मावशींनी पेटीतली एक टोचली. वीस. मग लोहचुंबक घेऊन जमीन धुंडाळली.

"काय शोधताय, मावशी?"

"तुझी अक्कल. काल इथंच सांडली होतीस."

पावणेअकरापर्यंत चुंबकाला काही चिकटलं नाही. मग मात्र त्या कोठीकडे धावत सुटल्या.

"दार उघड, मेल्या! मोज्यात टाचणी आहे!"

"असं उघडत नाही, मावशी! आधी आत हवा भरावी लागते," कोठीच्या यंत्रावरचा माणूस ओरडला, आणि त्यानं कळ दाबली.

जाड काचेपलीकडे धाकटी दांडा घट्ट धरून उभी होती. हवा भरेपर्यंत चार मिनिटं गेली.

दांडा धरताना टाचणी तळव्यातल्या मज्जातंतूतून आरपार गेली होती. बोटं हलतील, पकड येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. वर जाणं संपलं.

सरावानंतर सगळ्यांनी टेबलाभोवती बसून आपापली चूक सांगायची, पहिली म्होरक्यानं, अशी तिथली रीत. चार दिवसांनी धाकटी बांधलेला हात घेऊन बसली.

"मोजा घालताना टोचलं होतं. आईच्या हातचा म्हणून बोलले नाही. ही माझी चूक." तिनं समोर बसलेल्या मावशींकडे पाहिलं. "आता तू. कधी कळलं तुला?"

पावणेअकरा म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? मावशींची जीभ एरवी कात्रीसारखी चालायची. आज त्यांनी शब्द मोजून टाकले.

"नऊला," त्या म्हणाल्या. "आणि पेटीतली टोचून आकडा जुळवला."

धाकटीनं उजव्या हातानं वहीत 'नऊ' लिहिलं, त्याखाली रेघ ओढली. मान वर केली नाही.

"पुढचं कोण?"