सैल दोरी

"अवो वैनी, कुत्र्याला मुंडावळ्या बांधल्या का काय?" बांधावरून चिमाजी खदखदून हसला. चिमाजी म्हणजे धोंडाबाईचा चुलत दीर, वरच्या वाडीतला.

धोंडाबाईनं त्याच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. चांद्याचं थोबाड धरून ती त्याला मुसकी घालत होती. मळणीच्या बैलाला घालतात तसलीच, फक्त ही प्लास्टिकची आणि पुण्याहून आलेली.

पार्सल लेकानं, सोमनाथनं धाडलं होतं. पट्टा, लांब दोरी, मुसकी आणि एक शिट्टी. गुडघ्यांनी धोंडाबाईला पार जेरीला आणलं होतं. पावसाळ्यात ती गोठ्यात पडली, तेव्हा कुणी उचलायला येईपर्यंत चांद्या उशाशी बसून भुंकत राहिला. तेव्हापासून सोमनाथ म्हणत होता, पुण्याला चल, ऑपरेशन करू. हिचं एकच, "चांद्याला घेनार असशील तर येते." शेवटी तो फोनवर म्हणाला, "बरं. त्याला पट्ट्यानं चालाय शिकीव, मग आनू."

झालं! राजगडाच्या पायथ्याच्या पालीच्या त्या वाडीत जन्मात गळ्याला सुतळी लागू न दिलेला गडी म्हातारपणी शाळेत बसला. शिट्टी धोंडाबाईला वाजेचना. पुढचे दातच नव्हते, नुसती फुस्स हवा. दिली फेकून. चांद्यानं दोरीला असे हिसके दिले की म्हातारी भुईवर बसली. मग तिनं युक्ती काढली. मुसकीच्या तळाशी सुकट टाकायची, की पठ्ठ्या आपणहून तोंड घालायचा. त्यानं दोरी ताणली की म्हातारी जागची हलायची नाही, सैल झाली की "शाना माझा" म्हणून पुन्हा चिमूटभर सुकट. राजगडाला निघालेली पोरं दिसली की चांद्याच्या अंगात यायचं. ती कानाशी सांगायची, "वढायचं न्हाई, राजा. वढलंस तर ऱ्हाशील हितंच."

आणि शिकला की हो! दिवाळीपर्यंत हातात दोरी आहे की नाही हे कळू नये, इतका हलका चालायला लागला. चिमाजीसुद्धा म्हणाला, "लई केलं तुमी, वैनी."

सोमनाथ गाडी घेऊन आला, तर पाणीही न विचारता तिनं त्याला अंगणात उभं केलं आणि चांद्याला फिरवून दाखवलं. मुसकी घातली, बस म्हटलं की बसला, चल म्हटलं की उठला. सोमनाथचा चेहरा मात्र उतरत गेला.

"आये, घरमालक न्हाई म्हनतोय गं."

"कवापासनं?"

"पयल्यापासनंच."

"मग ह्ये समदं कशापायी धाडलंस?"

"तू निगावीस म्हनून. वाटलं, म्हातारं कुत्रं, न्हाई शिकायचं. मग तूच म्हनशील, ऱ्हाऊ दे त्याला."

दोरी त्याच्या तोंडावर मारावी, असा संताप आला तिला. पण लेक समोर रडत होता, आणि गुडघे उभं राहू देत नव्हते. ती ओट्यावर टेकली. बऱ्याच वेळानं तिनं चिमाजीला बोलावून घेतलं.

"भावजी, तुमी सांबाळाल का याला?"

"व्हय की. पर त्यो यील का माज्यासंगं?"

तिनं दोरी त्याच्या हातात दिली. चिमाजी निघाला तसा चांद्या उठला आणि त्याच्या पायाशी पाय लावून चालू लागला, अगदी शिकवल्यासारखा. गोठ्यावरून, बांधावरून, वरच्या वाटेला. दोरी कुठंच ताणली नाही.

"वढ की रं मुडद्या," धोंडाबाई पुटपुटली, "येकदा तरी वढ."