पट्टा न उमटलेलं पान

शाळेच्या साबुकंदाच्या कुंपणापाशी वार्सोकाका तिसऱ्यांदा वाकले आणि तिसऱ्यांदा तेच दिसलं. पानं होती, ऊन होतं, चंदेरी कागद नव्हते.

मंगळवारी संध्याकाळी त्यांनी स्वतः सहा पानांवर ते लावले होते. पंजासारख्या प्रत्येक पानाच्या मधल्या पाकळीला कागदाचा पट्टा गुंडाळून वर एकेक क्लिप. लवंगी सिगारेटच्या पाकिटातला हा कागद काकांनीच शोधून काढला होता, एकतीस वर्षांपूर्वी, प्रयोगशाळेत सहायक म्हणून लागले तेव्हा. ते स्वतः ओढत नसत. चौकातल्या सायकलरिक्षावाल्यांकडून रिकामी पाकिटं मागून आणत. खिशाला कायम लवंगेचा वास. बायको म्हणे, "एवढा वास येतोच आहे, तर निदान ओढा तरी."

आज शुक्रवार. शुक्रवारी सकाळी साडेसहाला सगळी शाळा झाडू घेऊन बाहेर पडते, हे काकांना ठाऊक नव्हतं असं नाही. तेव्हा ते आत काचा पुसत होते. पण आज शिक्षण खात्याचे पर्यवेक्षक येणार म्हणून मुख्याध्यापक सुजारवो सरांनी मुलांना बजावलं होतं, की आवारात सिगारेटचा कागद म्हणून दिसता कामा नये. मुलांनी तो दिसू दिला नव्हता. क्लिपा तेवढ्या नीट गोळा करून कचरापेटीच्या झाकणावर ओळीत ठेवल्या होत्या.

काकांना मुलांचा राग आला नाही. आपण एका शब्दाने सांगून ठेवलं नाही, याचाच आला.

झाकलेल्या जागी ऊन पोचत नाही, म्हणून तिथे पिष्ट तयार होत नाही. पान उकळून, स्पिरिटमध्ये त्याचा हिरवा रंग काढून वर आयोडीन टाकलं, की उघडा भाग काळानिळा पडतो आणि झाकलेल्या जागी फिकट पट्टा उमटतो. काकांच्या हातून तो उमटला नाही असं एकतीस वर्षांत झालं नव्हतं, आणि हे त्यांचं शेवटचं वर्ष होतं. पण आज प्रश्न त्यांचा नव्हता. विज्ञान शिकवणाऱ्या निंग्रुमबाई सात वर्षं हंगामी होत्या. आजचा तास पाहून पर्यवेक्षक त्यांना कायम करण्याची शिफारस करणार होते, किंवा नव्हते.

पावणेदहा झाले होते. काकांनी कागद लावलेल्यांपैकी एक पान तोडलं आणि ते हातात घेऊनच सरांकडे गेले.

सरांनी ऐकून घेतलं, दार लोटलं. बरणीत गेल्या वर्षीचं पान आहे ना, त्यांनी विचारलं. कागद लावून तोडलेलं, रंग काढून स्पिरिटमध्ये ठेवलेलं. होतं.

"मग ते टाका. तेही तुमच्याच हातचं आहे."

"बाईंना सांगू?"

"सांगितलंत, तर त्यांचा चेहरा बोलेल. तुम्ही गुपचूप बदला."

"हो जी," काका म्हणाले.

आमच्याकडे मोठ्या माणसाला नाही म्हणत नाहीत. हो म्हणतात, मग कधी करतात, कधी करत नाहीत. काका मात्र आयुष्यभर हो म्हणून करतच आले होते.

त्यांनी कपाट उघडलं, बरणी उजेडात धरली. पांढरट पान तळाशी शांत पडलं होतं. कोणाला कळणार होतं? पण एका बाईची सात वर्षं पणाला लागलेली असताना तिला न सांगता पान बदलायचं, हे ठरवणारे आपण कोण? त्यांनी कपाटाला कुलूप लावलं आणि बाईंच्या टेबलावर किल्ली ठेवली.

"बाई, आज पट्टा येणार नाही. कागद सकाळी पोरांनी काढले. सरांनी बरणीतलं पान टाकायला सांगितलंय. ही किल्ली."

दिवा पेटवायला ओढलेली काडी बाईंच्या हातात विझली. त्यांनी विचारलं, "तुम्ही काय केलं असतं, काका?"

एकतीस वर्षांत हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं. ते टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले.

"मला काय कळतंय. पण या पानाने तीन तास ऊन खाल्लंय. ते तेवढंच सांगेल."

बाईंनी दुसरी काडी ओढली. "किल्ली खिशात ठेवा."

तास सुरू झाला. पर्यवेक्षक मागच्या बाकावर वही उघडून बसले, सर दाराशी उभे राहिले. पान उकळलं, गरम पाण्यात ठेवलेल्या स्पिरिटमध्ये पांढरं पडलं, बशीत पसरलं. बाईंनी आयोडीनचे थेंब सोडले. पान काळवंडत गेलं, देठापासून टोकापर्यंत. मधली पाकळीसुद्धा. सरांनी काकांकडे पाहिलं. काकांनी आपल्या चपलांकडे.

"पुस्तकात तर पट्टा आहे," कोणीतरी म्हणालं.

चौथ्या बाकावरून वेनिंग उभी राहिली. "बाई, कागद मी काढला. सिगारेटचा होता."

"वेनिंगने झाडाची सिगारेट सोडवली," मागून आवाज आला आणि वर्ग हसला.

बाई हसल्या नाहीत. किती वाजता काढलास, त्यांनी विचारलं. पावणेसातला. आणि पान कधी तोडलं, हे त्यांनी काकांना विचारलं. पावणेदहाला. दोन्ही वेळा त्यांनी फळ्यावर एकाखाली एक लिहिल्या.

"मग मधले तीन तास पान काय करत होतं?"

वेनिंग अजून उभीच होती.

"स्वयंपाक करत होतं, बाई," ती हळूच म्हणाली. "आम्ही झाडत होतो तेव्हा."

पर्यवेक्षक उठून पुढे आले, बशीवर वाकले, बराच वेळ वाकून राहिले. मग म्हणाले, आता एक पान नव्याने झाका, सोमवारी मला दाखवा. काकांनी खिशातून घडी घातलेला चंदेरी कागद काढून वेनिंगच्या हातात दिला. लवंगेचा वास पहिल्या बाकापर्यंत गेला.

जाताना पर्यवेक्षक दाराशी थांबले. "सर, बाईंना कायम करण्याचे कागदही सोमवारी तयार ठेवा. मी सही करतो. पान बघायला येतोच आहे."

ते गेल्यावर सर काकांना म्हणाले, "तुम्ही हो म्हणाला होतात."

"हो जी," काका म्हणाले.

शाळा सुटल्यावर काकांनी आपली जुनी वही काढली. दर वर्षाचं एक वाळवलेलं पान, मध्ये फिकट पट्टा, खाली तारीख. त्यांनी आजचं काळं पान वाळायला दोन टीपकागदांमध्ये ठेवलं आणि वहीत त्याची जागा सोडून खाली दोन्ही वेळा लिहिल्या. अक्षर जरा वाकडं आलं, पण खोडलं नाही.

घरी जाताना ते कुंपणापाशी थांबले. एका पानावर कागद नीट गुंडाळलेला होता आणि देठाला पुठ्ठ्याचा तुकडा बांधला होता. त्यावर वेनिंगच्या अक्षरात लिहिलं होतं : हा कचरा नाही.

काकांनी ते दोनदा वाचलं. क्लिप जराशी सरळ केली आणि सायकल हातात धरून चालत निघाले.