मिळालं, पुढं

वाशीचं गट ऑफिस बंद करायला माझी सही लागणार होती, म्हणून मला पाठवलं. तोंडानं सांगितलं दुसरंच: "नेटची लाइन बघून या, चालत नसेल तर तसा अहवाल द्या." पण साखर कारखान्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाला अहवाल कशाला लागतो ते कळतं. तीन खोल्या, एक कारकून आणि एक माठ एवढा पसारा साहेबांना जड झाला होता. ऊसतोडणीची यादी चार वाजेपर्यंत वाशीहून कारखान्यावरच्या हेड ऑफिसला पोचली तर ऑफिस राहणार. नाही पोचली तर सोमवारपासून पंचक्रोशीतल्या शेतकऱ्यांनी आपला नंबर कधी लागतो हे विचारायला थेट कारखान्यावर यायचं, आणि करिश्मानंही तिकडंच कामाला यायचं.

करिश्मा म्हणजे तिथली कारकून. लेक अंगणवाडीत सोडून दहाच्या ठोक्याला ऑफिस उघडणारी. कारखान्यावर बदली झाली तर नोकरी सोडावी लागेल, हे तिनं मी पाणी प्यायच्या आतच सांगून टाकलं.

"सर, दोन वळीचा मेल जातोय. यादी जोडली की चक्र फिरतंय, फिरतंय, आन् टाइमआउट. शेअर फोल्डरमदी फायलींची नावं दिसत्यात, उघडाय गेलं की गप."

"व्हीपीएन तुटतंय का?"

"न्हाय की. हिरवं दिसतंय."

व्हीपीएन म्हणजे इंटरनेटच्या भर रस्त्यातून वाशी ते हेड ऑफिस अशी काढलेली आमची बंद वाट. मेल, फायली, सगळं त्याच वाटेनं जातं. वाट उघडी, तरी माल पोचत नव्हता. मी पासवर्ड बदलला, केबल बदलली, अँटिव्हायरस बंद करून पाहिला. राउटरच्या हेल्पलाइनला फोन लावला. तिकडून एक बाई गोड आवाजात म्हणाल्या, "राउटर बंद करून चालू करा." सहाव्यांदा! मी काय बोललो ते इथं लिहीत नाही. करिश्मानं माठाजवळ जाऊन उगाच पेले धुतले.

तोवर दोन वाजले होते. खिडकीबाहेर ओट्यावर गोरोबाकाका बसले होते.

ते तिथं रोजच बसतात. तेरा वर्षं झाली. मी वाशीला आलो की "राम राम" म्हणतो, ते "राम राम" म्हणतात, आणि मी आत सटकतो. कारण माझं मलाच ठाऊक.

याच खोलीत मी चोविसाव्या वर्षी कामाला लागलो. तेव्हा इथं वायरलेसचा सेट होता. छतावरचा लोखंडी खांब अजून आहे, आता त्यावर कावळे बसतात. काका ऑपरेटर, मी त्यांचा मदतनीस. रोज संध्याकाळी कोणत्या गावाला किती गाड्या पाठवायच्या ते कारखान्याला वाचून दाखवायचं. मधे येडशीचा डोंगर. डोंगरावरचा रिपीटर आमचा आवाज पुढं ढकलायचा, पण तीस सेकंदांच्या वर कुणी बोललं की मधेच तोडायचा. बोलणाऱ्याला पत्ताच नसायचा. तो आपला भिंतीशी बोलत राहायचा.

म्हणून काकांचा नियम होता. "धा शब्द बोल. मग बटण सोड. पलीकडचा 'मिळालं, पुढं' म्हणला की मगच पुढचं. घाई केलीस की निरोप डोंगरानं खाल्ला म्हणून समज." त्या सेटचा तापलेला वास, काकांनी कानाशी धरलेला हात, खरखरीतून येणारं ते "मिळालं, पुढं"... आजही आठवलं की मला तिथं परत जाऊन बसावंसं वाटतं.

एका चैत्रात येरमाळ्याच्या यात्रेला जायची मला घाई होती. काका घरी जेवायला गेलेले. मी बावीस गावांची यादी एका दमात वाचली, सेट बंद केला आणि एसटी पकडली. डोंगरानं निम्मी गावं खाल्ली. दुसऱ्या दिवशी अकरा गाड्या भलत्याच शिवारात जाऊन उभ्या राहिल्या आणि इकडं तोडलेला ऊस उन्हात वाळत पडला. शेतकी अधिकारी जीप घेऊन आले. त्यांनी विचारायच्या आत काका म्हणाले, "सेटवर म्या हुतो." चारचौघांत त्यांनी शिव्या खाल्ल्या. मी मान खाली घालून उभा होतो.

पुढं कॉम्प्युटर आले, मी त्यांच्यामागं धावलो, सिस्टीमचा मुख्य झालो. दोन हजार अकरा साली कागद आला: वायरलेसची गरज उरली नाही. खाली सही माझी. काकांची तीन वर्षं शिल्लक होती, तरी त्यांना घरी बसवलं. सही करताना माझा हात थरथरला, असं सांगितलं तर बरं दिसेल, पण तो थरथरला नव्हता.

"वैजनाथ," खिडकीतून आवाज आला. तेरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी नावानं हाक मारली. "बारकं जातंय आन् मोठं आडतंय, व्हय?"

"व्हय, काका."

"कवापास्नं?"

"नवा राउटर बसवल्यापास्नं," करिश्मा म्हणाली.

"मंग मधी कुणीतरी लांब वाक्य तोडायलंय. बारकं तुकडं कर की."

"काका, ह्ये वायरलेस न्हाय!" मी खेकसलो. आणि माझा हात कीबोर्डवरच थांबला.

बारकं जातं, मोठं अडतं. सकाळपासून करिश्माही तेच सांगत होती. कॉम्प्युटर फाइल तुकड्यांनीच पाठवतो, पण व्हीपीएन प्रत्येक तुकड्यावर आपलं वेष्टन चढवतं आणि तुकडा फुगतो. नव्या राउटरच्या वाटेत तो मावत नसणार, आणि मावला नाही हे कुणी परत कळवतही नसणार. मी हेड ऑफिसकडं मापाचे तुकडे सोडून पाहिले, प्रत्येक माप चारदा. चौदाशे बाइटचा, उत्तर नाही. साडेतेराशेचा, नाही. तेराशेचा सोडला आणि चारच्या चार उत्तरं आली. राउटरमध्ये तुकड्याची कमाल मर्यादा तेराशे केली.

"लाव यादी," मी म्हणालो.

करिश्मानं यादी जोडली, बटण दाबलं आणि डोळे मिटून घेतले. चक्र एकदा फिरलं आणि गेलं. शेअर फोल्डरमधली फाइलही चटकन उघडली. साडेतीनला हेड ऑफिसचा फोन आला, "यादी मिळाली." करिश्मानं पदर डोळ्यांना लावला. अहवालात मी लिहिलं: लाइन चालू, ऑफिस चालू ठेवावे. खाली सही केली.

बाहेर येऊन काकांच्या शेजारी बसलो. ते खांबावरच्या कावळ्याकडं बघत होते. सगळं एकदम बोलायला गेलो असतो तर मधेच अडकलो असतो.

"काका, तुमचा सेट म्या काढला."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. "मिळालं. पुढं."

"माझ्यापायी तुमी शिव्या खाल्ल्या. त्या म्या इसरलो."

"मिळालं. पुढं."

"चुकलं माझं."

कावळा उडाला, काकांची नजर त्याच्यामागं गेली. हा शेवटचा तुकडा डोंगरानं खाल्ला, असं मला वाटलं. मग त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर आला.

"मिळालं," ते म्हणाले. "लई उशिरा आलं, पर समदं मिळालं."