जास्तीची दोन मिनिटं

मित्रांनो, पत्र्याच्या गोल अंगाचा, काटा जरासा वाकलेला असा मी बेकरीतला जुना टायमर. काटा हव्या त्या मिनिटावर फिरवला की मी टिकटिकत शून्यावर येतो आणि खणखणीत वाजतो.

जन्म कारखान्यातला, पण मला माणसांत आणलं ते एका बेकरीवाल्याने. वीस वर्षं त्यांच्या भट्टीशेजारी मी इमानेइतबारे राबलो. "हा आहे म्हणून माझी अब्रू आहे," असं ते गिऱ्हाइकांना सांगत, तेव्हा मी आतल्या आत फुगून जाई. त्यांची एक सवय होती. पस्तीस मिनिटं हवी असली की ते काटा सदतीसवर नेत. पाव कच्चा राहायला नको, एवढंच त्यांचं म्हणणं.

त्यांच्या मुलीला वकील व्हायचं होतं. कायद्याच्या प्रवेश परीक्षेत पस्तीस-पस्तीस मिनिटांचे भाग असतात. ती सरावाला बसली की बाबा मला लावत, आणि हात सवयीने सदतीसवरच जाई. तिला पत्ता नव्हता. मार्क मात्र झकास पडत.

मागच्या हिवाळ्यात बाबा गेले. भट्टी थंडावली आणि मी तिच्या टेबलावर आलो.

आता जे सांगतो त्याने घाबरू नका. मी स्वतः पुष्कळ घाबरलो. ती मला बरोबर पस्तीसवर लावून मान खाली घाली. मग कुणाचं तरी बोट मला लागे आणि काटा दोन घरं पुढे सरके. खोलीत दुसरं कोणी नसे. शेवटच्या दोन मिनिटांत ताज्या पावाचा वास सुटे, आणि मी वाजलो की माझ्या तबकडीवर पिठाचा ठसा दिसे. ती तो पुसून टाकी. याबद्दल मात्र कोणाशीच बोलत नसे.

परीक्षेला आठवडा उरला. तारीख पुढे ढकलायची तर त्याच दिवशी संध्याकाळी पाचच्या आत कळवायचं होतं. दुपारी ती सरावाला बसली असताना तिच्या दादाने सहज मनगटावरच्या घड्याळात माझी वेळ ताडून पाहिली.

"अगं, हा तुला सदतीस मिनिटं देतोय!"

दादाच्या घड्याळावर तिने पुन्हा पेपर सोडवला. पाच प्रश्न राहिले. तिचा चेहरा उतरला.

"मग ढकल ना पुढे," आई म्हणाली. "आणखी तीन महिने बस इथेच. वास मलाही येतो गं. तेवढंच ते घरात आहेत असं वाटतं."

मुलीने दादाच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेचार वाजून गेले होते.

"आई, मी तारीख पुढे ढकलत राहीन आणि बाबा काटा पुढे ढकलत राहतील."

तिने नवा पेपर उघडला, मला पस्तीसवर लावलं आणि डावा हात माझ्यावर झाकला.

"बाबा, माझं भाजून झालंय. आता बाहेर काढा."

ते बोट आलं. गार होतं. तिच्या हातापाशी थबकलं, क्षणभर तिथेच राहिलं आणि मागे गेलं. मी पस्तीसला वाजलो. मधेच कधीतरी पाच वाजून गेले होते. चार प्रश्न कोरे राहिले होते, आणि वास आला नाही. आईने दोनदा श्वास ओढून पाहिला आणि मग ती रडली.

मित्रांनो, मायेपोटी कुणासाठी माझा काटा पुढे सरकवू नका. आणि सरकवलाच असेल, तर त्या माणसाने वर हात ठेवला की आपलं बोट काढून घ्या.